वाफेची कल्पित नगरे आणि वर्गसंघर्ष : 'मॉर्टल इंजिन्स' या कादंबरीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
इ. स. १८४२ च्या ऑगस्ट महिन्यात लँकेशायर, यॉर्कशायर व स्टॅफर्डशायर या परगण्यांतील संपकरी कामगार एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जात आणि बॉयलरची बुचे काढून टाकीत. पाणी वाहून जाई, वाफ धरत नसे, यंत्रे आपोआप थांबत. मजुरीतील कपातीविरुद्धचा हा लढा 'प्लग प्लॉट' या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी सनदवाद्यांनी ३३ लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला आणि पार्लमेंटने तो फेटाळला. वाफेच्या युगातील वर्गसंघर्ष प्रत्यक्ष यंत्राशी कसा भिडलेला होता, हे त्या एका उन्हाळ्यात दिसते. मात्र या युगावर कल्पनेचे इमले रचणाऱ्या 'स्टीमपंक' साहित्यातील एका गाजलेल्या किशोर-कादंबरीत बूच काढणारा हा हात आढळत नाही. त्या अभावाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कादंबरीतील नगररचना :
'स्टीमपंक' हा शब्द के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रातून रूढ झाला. फिलिप रीव्ह यांची 'मॉर्टल इंजिन्स' २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा काळ व्हिक्टोरियन नसून दूरच्या भविष्यातला आहे. यंत्रसृष्टी व समाजरचना मात्र एकोणिसाव्या शतकाची आठवण करून देते. लंडन शहर चाकांवर चालते, लहान गावांची शिकार करते आणि त्यांना गिळून त्यांचे लोखंड व इंधन वापरते. या व्यवस्थेला 'नागरी डार्विनवाद' असे शास्त्रीय वाटणारे नाव दिलेले आहे. शहर मजल्यांचे आहे. माथ्यावर सेंट पॉलचे चर्च व सत्ताधारी, तर तळाशी 'आतडे' म्हणजे शिकार फोडण्याचे कारखाने. त्याही खाली कैद्यांकडून मैल्यात काम करून घेतले जाते आणि त्याच मैल्यापासून त्यांचे अन्न बनते. मेलेल्या कैद्यालाही सुटका नाही. अभियंत्यांचा संघ त्याच्या प्रेतापासून यंत्रमानव घडवू पाहतो. श्रमशक्तीच्या शोषणाचे इतके निर्दय रूपक किशोर साहित्यात विरळाच.

पण हे पाहते कोण? वरच्या मजल्यावरची कॅथरिन व्हॅलेंटाइन. तिला साथ देतो बेव्हिस पॉड हा अभियंत्यांचा उमेदवार. नायक टॉम हा इतिहासकारांच्या संघातला तिसऱ्या वर्गाचा उमेदवार. कॅथरिनचे वडील थॅडियस व्हॅलेंटाइन मूळचे शहराबाहेरचे भंगारवेचे. त्यांनी वर चढण्याची किंमत एका खुनाने चुकविली आहे. शेवटी अभियंत्यांविरुद्ध शस्त्र उचलतात ते वस्तुसंग्रहालयातील वृद्ध इतिहासकार. (इतिहासाच्या प्राध्यापकांना हा प्रसंग सुखावेल.) तळाचे कैदी मात्र उठत नाहीत. शहराचा नाश होतो तो 'मेड्युसा' या महास्त्राच्या बिघाडाने.

इतिहासाची साक्ष :
नॉटिंगहॅमशायरमध्ये १८११ पासून विणकामाची यंत्रे फोडणारे लडाइट अडाणी यंत्रद्वेष्टे नव्हते. मजुरी पाडणाऱ्या व निकृष्ट माल काढणाऱ्या यंत्रांवर त्यांचा विशेष रोख होता. संघटनाबंदीच्या कायद्यांमुळे वाटाघाटीचे मार्ग खुंटलेले होते. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात ही बाजू ठामपणे मांडली. १८१२ मध्ये यंत्रफोडीस देहदंडाची शिक्षा ठरली आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथील खटल्यांनंतर १७ जणांना फाशी देण्यात आले. राज्यसंस्थेला भीती वाटावी इतके त्या चळवळीचे बळ होते, हे यावरून स्पष्ट होते.

रीव्ह यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शहराने गावे गिळणे हे रूपक वर्गापुरते थांबत नाही, ते साम्राज्यापर्यंत पोहोचते. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांची भूक वऱ्हाड-खानदेशच्या कापसापर्यंत येऊन भिडली होती. तरीही गिळणाऱ्याचे वर्णन जितके सविस्तर, तितके गिळल्या गेलेल्यांच्या कृतीचे नाही.

किशोर वाचकाच्या दृष्टीने ही उणीव अधिक जाणवते. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामास बंदी झाली. १८४२ च्या कायद्याने १० वर्षांखालील मुलगे व सर्व स्त्रिया यांना खाणींतील भूमिगत कामास मनाई झाली. त्यापूर्वीच्या चौकशी आयोगापुढे खाणींतील मुलांनी स्वतः जबान्या दिल्या. अंधारात एकट्याने वायुवीजनाची दारे उघडझाप करणारी ही मुले आपले कामाचे तास व आपली भीती आयुक्तांना सांगत होती. त्यांच्या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या या कादंबरीत तळाच्या कैद्यांची हकिकत कळते ती मुख्यतः त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बेव्हिसमुळे.