इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांचे आरोग्यशिक्षण व समुपदेशन

इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांचे आरोग्यशिक्षण व समुपदेशन हा हानी न्यूनीकरण या सार्वजनिक आरोग्यधोरणाचा एक घटक आहे. व्यसन तत्काळ सुटले नाही, तरी त्यातून उद्भवणारे संसर्ग, आजार व मृत्यू टाळणे हा त्याचा उद्देश असतो. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित संस्थांनी २००९ मध्ये सुचवलेल्या नऊ उपाययोजनांमध्ये त्याचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

म्यानमारच्या सीमेवरील मणिपूर राज्यात १९९० च्या सुमारास हेरॉइन टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा झपाट्याने प्रसार झाला. १९९६ मध्ये या राज्याने स्वतःचे एड्सविषयक धोरण स्वीकारले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे साडेआठ लाख लोक इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेतात.

आरोग्यशिक्षणाचा आशय

एचआयव्ही व हिपॅटायटिस सी यांचे विषाणू केवळ सामायिक सुईतूनच नव्हे, तर एकत्र वापरलेले पाणी, कापूस व भांडे यांतूनही पसरू शकतात, ही माहिती शिक्षणात महत्त्वाची मानली जाते. गळू व जखमांची काळजी, निरोधाचा वापर, हिपॅटायटिस बीची लस आणि क्षयरोगाची तपासणी हे अन्य विषय होत. काही काळ व्यसन थांबल्यास शरीराची सहनशक्ती घटते. त्यामुळे तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेणे जीवघेणे ठरू शकते. अतिमात्रेची लक्षणे ओळखणे, तातडीची वैद्यकीय मदत बोलावणे व नालोक्झोन या औषधाची माहिती देणे यांचाही शिक्षणात अंतर्भाव होतो.

समुपदेशन

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या लक्ष्याधारित हस्तक्षेप प्रकल्पांतून हे काम चालते. स्वतः व्यसनाचा अनुभव असलेले समवयस्क शिक्षक वस्तीत जाऊन संपर्क साधतात आणि निर्जंतुक सुया व सिरिंज पुरवतात. समुपदेशक गुप्तता पाळून, दोषारोप न करता संवाद साधतो. एचआयव्ही तपासणीपूर्वी व तपासणीनंतर समुपदेशन केले जाते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर आधारित प्रतिस्थापन उपचार घेणाऱ्यांना उपचारात टिकून राहण्यासाठीही साहाय्य दिले जाते.

कायदेशीर स्थिती

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा गुन्हा आहे. मात्र एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार एचआयव्ही संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी राबवलेले उपाय गुन्हा ठरत नाहीत.

मर्यादा

अटकेची भीती व सामाजिक कलंक यांमुळे अनेक जण सेवांपासून दूर राहतात. स्त्रियांना दुहेरी कलंक सोसावा लागतो. सुया, तपासणी व औषधे सहज उपलब्ध नसल्यास केवळ माहिती दिल्याने वर्तनात बदल होणे कठीण असते. म्हणून शिक्षण व समुपदेशन या सेवांना जोडूनच दिले जाते.