दलाल म्हणजे वाट दाखविणारा

'दलाल' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. वस्तुतः तो अरबी आहे, आणि ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. पुरावा या अर्थाचा 'दलील' हा त्याचाच सख्खा भाऊ. नांदेडचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरले, तेव्हा या दोन्ही भावांशी माझी गाठ पडली.

मी लातुरात शिक्षक. नांदेडच्या जुन्या वस्तीतले ते घर सांभाळणे होईना. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, दलालाला दोन टक्के कशाला? फोनवर जाहिरात टाकतो, गिऱ्हाईक घरबसल्या येईल."

लातूरकराला हा वाद नवा नाही. १९१७ साली वसलेल्या आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या रस्त्यांनी आलेल्या धान्याबरोबर आडत्याही आला. मराठी मुलखातल्या कित्येक बाजारांत पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. शेतकऱ्याला कळे ते शेवटी. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाची रीत पक्की केली. रुमाल गेला, आडत्या मात्र राहिला. मालाची पारख आणि पैशाची हमी ही दोन कामे कुणीतरी करायला हवीच होती.

घरांच्या बाबतीत तो रुमाल आता फोनने उचलला आहे. २००५ साली 'नाइंटीनाइन एकर्स' निघाले, पुढे नावातच दलाल नाकारणारे 'नोब्रोकर' आले. चार घरांचे मागितलेले भाव आता कुणालाही ताडून पाहता येतात. हा लाभ लहान नव्हे. पण पारखेचे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. तेव्हापासून आमच्याकडचा माणूस घर घेताना आधी भिंतीवर हात ठेवतो. छायाचित्रावर हात कसा ठेवणार?

भाच्याने जाहिरात टाकली. फोन पुष्कळ आले; निम्मे दलालांचेच होते! त्यांतले एक वयस्क गृहस्थ ओसरीवर येऊन बसले व म्हणाले, "गुरुजी, आधी खरेदीखत दाखवा."

खत निजामाच्या अमदानीतले, उर्दूत. आमच्या घरात ते वाचणारे आजोबांनंतर कुणी उरले नव्हते. त्यांनी बोट ठेवून चतुःसीमा वाचली आणि थांबले. मागच्या अंगणातून शेजाऱ्याला आडावर जाण्याचा हक्क लिहिलेला होता. आड केव्हाच बुजला होता. हक्क तेवढा कागदावर उरला होता.

भाचा हळूच म्हणाला, "हे कशाला सांगायचे? उर्दू वाचतो कोण?"

मोह मलाही झाला, हे कबूल करतो. मुलीच्या शिक्षणाला एकेक रुपया हवा होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, कोणत्याही माध्यमातून गिऱ्हाईक गाठून देणाऱ्याला दलाल मानून नोंदणीत आणले खरे. पण तो बांधकाम प्रकल्पांसाठी. आमच्या जुन्या घराला जाब विचारणारा होता तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. मालकीतला दडलेला दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितला पाहिजे, असे तो म्हणतो.

म्हातारबुवा कायदा बोलले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही लातूरला जाल. मला याच गल्लीतून रोज जायचे आहे."

आम्ही सांगितले. भाव थोडा उतरला. शेजाऱ्याने हक्क सोडल्याचा दस्त नोंदवून दिला, आणि नंतरच आमचे खरेदीखत झाले. गंमत अशी, की घेणारा मिळाला तो भाच्याच्या जाहिरातीवरूनच. तरी दलालीचे पाकीट मी भाच्याच्या हातूनच देवविले. त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केले, आणि वाकून नमस्कारही केला.