कुत्रं जनावर नाही का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली नववीतली एक पोरगी सकाळी दहाला टॉवेलात गुंडाळलेलं पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेली. रात्रभर उलट्या, रक्ताची हगवण. पार्व्हो. डॉक्टर साहेब दौऱ्यावर. परिचर म्हणाला, "इथं जनावरांचं बघतात. कुत्र्याचं शहरात न्या."

पोरगी म्हणाली, "कुत्रं जनावर नाही का?"

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग खाजगीत नेलं. सलाईन, इंजेक्शनं, दिवसाला सातशे रुपये. पावती मागितली तर "कशाला पाहिजे?" दोन दिवसांनी बापाकडचे पैसे संपले, तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "काका, तुम्ही पेपरवाले ना, लिहा की."

बातमी लिहून झाली असती चार ओळींची. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं, आपला हा दवाखाना मुळात कुणासाठी काढला होता.

सुरुवात घोड्यापासून होते. शालिहोत्र हे आपल्याकडच्या अश्ववैद्यकाचं जुनं नाव. घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणायचे ते त्यावरूनच. राजाचं सैन्य घोड्यावर, म्हणून घोड्याला वैद्य. इंग्रज आले तरी गणित तेच राहिलं, लष्कराला घोडा धडधाकट पाहिजे.

कुत्र्याचं काय? १८३२ साली मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, मारणाऱ्याला बक्षीस. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, बाजार बंद पडला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. म्हणजे बघा, कुत्र्याला आसरा मिळाला तो लोकांनी भांडून आणि पदरचे पैसे घालून. पुढे परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावानं प्राण्यांचं रुग्णालय झालं, तेही देणगीतूनच. १८८६ मध्ये परळलाच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

गावाकडे मात्र प्रश्न वेगळा होता. तिथं होती बुळकांडी. जुन्या माणसांना विचारा, हा शब्द ऐकून अजून तोंड उतरतं. एका हंगामात गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल मेला की शेती पडीक. या रोगाच्या धास्तीनंच जनावरांच्या रोगांचा अभ्यास करायला १८८९ मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ ला हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. त्याच सुमारास मुलकी पशुवैद्यकीय खातं उभं राहिलं. आजच्या पशुसंवर्धन खात्याचं मूळ तेच.

स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून बुळकांडीविरुद्ध देशभर मोहीम चालली. लस टोचणारी माणसं वाड्यावस्त्यांवर पायी फिरली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये जग. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून मिटवलेला हा दुसरा रोग. आपल्या गावातल्या गळक्या पत्र्याच्या दवाखान्यांचाही त्यात वाटा आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. खात्याला नुसत्या शिव्या देणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावोगावचे दवाखाने त्यांच्याकडे गेले. मग आलं दूध. जर्सी, होल्स्टिन, कृत्रिम रेतन. दवाखान्याच्या आवारात तो लोखंडी खोडा बघितला असेल. म्हैस उभी राहील एवढा. आत कुत्रं ठेवून तपासायला साधं टेबल मात्र नाही. सगळा इतिहास त्या खोड्यात आहे. आधी घोडा, मग बैल, मग दूध देणारी गाय. जे जनावर राज्याला किंवा घराला पैसा देतं, त्याचा वैद्य सरकारनं पोसला.

१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं सांगितलं होतं, पाच हजार पशु-एककांमागे एक पशुवैद्य असावा. हा हिशेबही गुरांचा धरूनच. आणि तोही पाळला जात नाही. आमच्या डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा चार्ज आहे. लम्पीच्या वेळी हाच माणूस रात्री नऊपर्यंत गोठ्यांत फिरताना मी बघितलाय. त्यामुळे ही पोस्ट त्यांच्याविरुद्ध नाही. त्या परिचराविरुद्धही नाही. तो दीडशे वर्षांची सवयच बोलून गेला.

पण गाव बदललं ना राव. आमच्या गल्लीत आज एकही बैल नाही, कुत्री आहेत नऊ. मांजरं मोजली नाहीत. कागदोपत्री सरकारी दवाखान्यात कुत्र्या-मांजराला मनाई नाही. पण सोय नसली की मनाईच झाली.

कुणी म्हणेल, कुत्रं हा शौक आहे, करा खर्च. ठीक. पण रेबीजचं काय? एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याला वर्षाची लस देणं सोपं, की चावलेल्या पोराला घेऊन तालुक्याला पळणं सोपं? ज्या दवाखान्यातून माणूस एकदा परत पाठवला जातो, तिथं तो लस द्यायलाही पुन्हा येत नाही. गल्लीतल्या नऊ कुत्र्यांच्या मालकांना मी विचारलं. लस झालेली कुत्री निघाली दोन.

म्हणून सोमवारी आम्ही अठ्ठावीस जणांच्या सह्यांचा अर्ज पंचायत समितीत दिलाय. मागण्या तीनच. आठवड्यातून दोन सकाळी कुत्र्या-मांजरांसाठी ठरलेली वेळ आणि एक टेबल. रेबीजची लस शिल्लक आहे की नाही, याचा दारावर फलक. आणि रिकामी पदं भरा. खाजगीवाल्यांनाही विनंती, दरपत्रक लावा, पावती द्या.

पहिली सही त्या पोरीची आहे. साहेब म्हणाले, अज्ञान मुलीची सही चालत नाही. मी म्हटलं, राहू द्या, प्रश्न तिचाच आहे.

पोच घेतलीय. पुढच्या सोमवारी परत जाणार. ज्यांना यायचंय त्यांनी अकराला पंचायत समितीच्या दारात भेटा.