राजभाषा, मातृभाषा आणि इंग्रजी

‘मराठी व हिंदीवर सारे निभावते, मग मुलांनी इंग्रजीसाठी एवढे कष्ट का घ्यावेत?’ असा प्रश्न आपल्या समाजातील पालक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातच सापडते.

निजामी राज्यात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. कचेरीत व न्यायालयात तिचाच अंमल चाले. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यकासारखे विषयही तेथे उर्दूतून शिकविले जात. त्यासाठी लागणारी पुस्तके सिद्ध करण्यास स्वतंत्र भाषांतर-विभाग होता. एका भारतीय भाषेत एवढे ज्ञान आणण्याचा तो उपक्रम खरोखर थोर होता. तथापि त्याच विद्यापीठाने इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता, हे विसरता कामा नये.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. पुढे विद्यापीठाचे माध्यमही इंग्रजी झाले. माझे वडील उर्दू शिकलेले. गावचे कागद त्यांच्याकडे वाचावयास येत. तेच पुढे इंग्रजी कागद घेऊन दुसऱ्याच्या ओट्यावर बसू लागले. आज तर निजामकालीन उर्दू व मोडी नोंदी वाचणारेच दुर्मीळ झाले आहेत. राजाश्रय लाभलेल्या भाषेवरच विसंबणाऱ्याची अशी गत होते.

2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. मी स्वतः मुळाक्षरे पाचवीत गिरविली होती. पहिलीच्या मुलांना शिकविताना कित्येक उच्चार मलाच ठाऊक नसत. मुले पाठ म्हणत. अर्थ कोणासच कळत नसे. ते वैगुण्य माझे होते, मुलांचे नव्हे. ती रुखरुख अद्यापि मनात आहे.

जालना रस्त्यावरील आपल्या शेंद्र्याच्या शिवारात आज औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे मराठी-हिंदीवर काम मिळते. परंतु यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका ज्यास वाचता येत नाही, त्याची बढती अडते. म्हणून मातृभाषा सोडावी, असे मात्र मुळीच नाही. जो मराठीत नीट विचार करतो, त्यास परभाषाही लवकर साधते. मराठी हे घर, तर इंग्रजी ही वेशीबाहेरची वाट होय.

आपल्या तरुण पदवीधरांनी आठवड्यातून दोन तास समाजातील मुलामुलींस, विशेषतः मुलींस, अर्थासह इंग्रजी शिकवावे, एवढीच या निवृत्त शिक्षकाची नम्र विनंती.