मुंबई उपनगरांतील स्कँडिनेव्हियन गृहसजावट

मुंबई उपनगरांतील स्कँडिनेव्हियन गृहसजावट म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि व्यापक अर्थाने फिनलंड या देशांत विसाव्या शतकात घडलेल्या गृहसजावटीच्या शैलीचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी उपनगरांतील सदनिकांमध्ये केले जाणारे रूपांतर होय. फिके रंग, साध्या रेषांचे लाकडी सामान, मोकळी जमीन आणि नैसर्गिक प्रकाश ही या शैलीची ठळक लक्षणे आहेत. ती थंड व अंधाऱ्या प्रदेशात जन्मली असल्याने दमट मुंबईत तिचे बाह्य रूप जसेच्या तसे टिकत नाही. लहान घराचा नेटका व काटकसरीचा वापर हे तिचे मूळ तत्त्व मात्र येथे उपयुक्त ठरते.

उगम

स्वीडिश लेखिका एलेन के यांनी इ.स. १८९९ मध्ये 'सौंदर्य सर्वांसाठी' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या पुस्तकातून सामान्य माणसाच्या घराच्या सौंदर्याचा आग्रह धरला. डेन्मार्कमध्ये कारे क्लिंट यांनी इ.स. १९२४ पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचर-रचनेचे शिक्षण सुरू केले आणि माणसाच्या शरीराची व रोजच्या वस्तूंची मापे घेऊन सामान आखण्याची पद्धत रुजवली. फिनलंडचे अल्वार आल्टो (तिपाई, १९३३) तसेच डेन्मार्कचे हान्स वेगनर (विशबोन खुर्ची, १९४९) व आर्ने याकोब्सेन (मुंगी खुर्ची, १९५२) यांच्या रचना जगभर गाजल्या. इ.स. १९५४ ते १९५७ या काळात अमेरिका व कॅनडात फिरलेल्या प्रदर्शनामुळे या शैलीला आंतरराष्ट्रीय ओळख मिळाली.

उपनगरांतील पार्श्वभूमी

इ.स. १९५० व १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दी वाढून ही उपनगरे शहरात सामावली गेली. मुंबई उपनगर जिल्हा इ.स. १९९० मध्ये स्वतंत्र झाला. अपुऱ्या जागेत सामान बसवण्याची कला येथे जुनीच आहे. आत साठवण असलेला दिवाण, घडीचा पलंग, दारावरचा माळा आणि लोखंडी कपाट ही तिची परिचित साधने. जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार जुन्या सागवानी सामानासाठी प्रसिद्ध आहे. इ.स. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या आयकिया या स्वीडिश कंपनीचे नवी मुंबईतील तुर्भे येथील दालन डिसेंबर २०२० मध्ये, तर घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधील दालन २०२२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे ही शैली मध्यमवर्गीय कुटुंबांच्या नजरेसमोर आली.

प्रकाश आणि वारा

स्टॉकहोम सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर असून तेथे डिसेंबरातील दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मिळेल तो प्रकाश खोलीभर पसरावा, यासाठी तेथील भिंती पांढऱ्या असतात. मुंबई १९ अंशांवर असून येथील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. येथील अडचण प्रकाशाच्या तुटवड्याची नसून पश्चिमेच्या उन्हाची आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या झडीची आहे. म्हणून झगझगीत पांढऱ्याऐवजी मळकट पांढरा किंवा फिका मातकट रंग, पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा पडदा आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहता वारा यांना येथे महत्त्व येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश असावे लागते. उंच कपाट खिडकीला आड आले, तर या तरतुदीचा लाभ उरत नाही.

साहित्य

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओलाव्याने एमडीएफचे पत्रे फुगतात, पाइनसारख्या मऊ लाकडाला वाळवी लागते, लोकरीच्या गालिच्यांना कुबट वास येतो आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूस बुरशी धरते. यावर पुढील पर्याय योजले जातात :

- ओट्याखालील व न्हाणीघराजवळील कपाटांसाठी आयएस ७१० मानकाचे सागरी प्लायवूड.
- खुर्च्या-मेजांसाठी प्रक्रिया केलेले रबरवूड किंवा जुने सागवान.
- गालिच्याऐवजी सुती सतरंजी किंवा चटई.
- मागे हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीपासून काही अंतर सोडून ठेवलेली कपाटे.

कुटुंबासाठी आखणी

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार चटईक्षेत्रात आतील विभाजक भिंतींची जागाही मोजली जाते. त्यामुळे कागदावरील ५०० चौरस फुटांपैकी सामानाला मिळणारी जमीन त्याहून कमी असते आणि खोल्यांची प्रत्यक्ष मापे घेणे ही आखणीची पहिली पायरी ठरते.

आजी-आजोबा, आई-वडील आणि शाळकरी मूल अशा पाच जणांच्या दोन शयनगृहांच्या घरात दिवाणखाना दिवसा बैठक, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री झोपण्याची जागा असतो. भिंतीला घडी होणारे मेज व खाली साठवण असलेला दिवाण येथे सोयीचे. वृद्धांसाठी बैठक फार खोल वा बुटकी नसावी. तिला हात टेकून उठता येतील असे दांडे असावेत. लहान मुलांच्या घरात उंच कपाटे भिंतीला पक्की जखडणे आवश्यक असते.

स्वयंपाकघरात फोडणीचा धूर व हळदीचे डाग यांमुळे पांढरा ओटा लवकर मळतो. कडप्पा किंवा गडद ग्रॅनाइट अधिक टिकाऊ ठरतो. देवघरामागे समईच्या काजळीसाठी पुसता येणारी लादी लावतात. पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याची जागा आराखड्यातच राखून ठेवावी लागते.

मर्यादा

मोकळेपणासाठी भिंत पाडण्याचा मोह धोक्याचा असतो. जुन्या भारवाहक इमारतींत भिंतीच वरच्या मजल्यांचे वजन पेलतात, तर सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत खांब व तुळयांना हात लावता येत नाही. अशा बदलांपूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला, गृहनिर्माण संस्थेची परवानगी आणि नियमांनुसार आवश्यक असल्यास महापालिकेची मंजुरी घ्यावी लागते.

या शैलीत रिकामी जागा हे सौंदर्य मानले जाते. सणासुदीला पाहुण्यांनी भरणाऱ्या घरात मात्र जादा गाद्या, मोठी पातेली आणि गणपतीची आरास यांनाही जागा लागते. क्लिंट यांनी सामान आखण्यापूर्वी घरातील वस्तू मोजल्या होत्या. त्यांची ही पद्धत पाळली, तर गाद्या आणि पातेली हीच उपनगरातील आराखड्याची पहिली मापे ठरतात.