तळ्यावरचं शहर आणि चार तिरप्या रेघा

परवा मावसभावाचा फोन आला. खाडीलगत भराव घातलेल्या जागेवर बारा मजली टॉवर उभा राहतोय, तिथे फ्लॅट बघतोय म्हणाला. "भूकंपाचं विचारलं रे मी. बिल्डरचा माणूस म्हणतो, खाली मऊ जमीन आहे, धक्का गादीसारखा झेलेल. तू सिव्हिलवाला, तूच सांग."

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर जाणवलं, एके काळी मीही हेच उत्तर दिलं असतं.

कॉलेजात फ्रेमचं गणित करताना आम्ही कॉलमच्या तळाशी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली चार तिरप्या रेघा काढायचो. म्हणजे पाया घट्ट, हलणार नाही. रेघांखाली काय आहे, हे कोणी विचारायचं नाही. मग १९८५ साली, ऐन गणपतीच्या दिवसांत, पेपरात मेक्सिको सिटीचे फोटो आले. पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले मजले.

१९ सप्टेंबर १९८५, सकाळचे सव्वासात. भूकंप झाला प्रशांत महासागराच्या किनाऱ्याशी, मिचोआकान प्रांतालगत. तीव्रता सुमारे ८. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. एवढ्या अंतरात धक्का विरायला हवा, आणि शहराच्या दक्षिणेला, विद्यापीठाखालच्या लाव्ह्याच्या खडकावर तो विरलाही होता. पण शहराच्या मधल्या भागात तोच धक्का चार-पाच पट जोराचा नोंदला गेला. हजारो माणसं गेली.

याचं कारण शोधायला काही शतकं मागे जावं लागतं. चौदाव्या शतकात अॅझ्टेक लोकांनी तेश्कोको तळ्यातल्या बेटावर आपली राजधानी वसवली. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं तळ्याचं पाणी बाहेर काढत तिथेच शहर वाढवत नेलं. तळं गेलं, गाळ राहिला. हा चिकण गाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी धरून बसलेला. त्याला हलवलं की तो आपल्याच चालीने डोलतो. मधल्या भागात एक हेलकावा साधारण दोन सेकंदांचा.

झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलकेच ढकललं तरी तो उंच जातो. इमारतींचीही अशी लय असते. ढोबळ हिशेब मजल्यामागे ०.१ सेकंद. म्हणजे दोन सेकंदांच्या जमिनीवर वीस मजली इमारती पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मार बसला तो सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. बुटकी घरं बहुतेक वाचली. १९५६ मधला ४४ मजली तोरे लातिनोआमेरिकानाही उभा राहिला.

मग एक सेकंदाची दहा मजली इमारत का पडली? उत्तर त्या चार रेघांत आहे. मऊ मातीत पाया घट्ट राहत नाही. तो किंचित कलतो, सरकतो, आणि त्यामुळे अख्ख्या इमारतीचा हेलकावा लांबतो. तडे गेले की आणखी लांबतो. एकाची इमारत दोनाकडे सरकू लागते, आणि खालची जमीन तर त्याच लयीत बराच वेळ डोलत असते. एक इमारत तर खालच्या पाइल्स उपसून आडवी झाली होती.

गादीवाली समजूत तशी निराधार नाही. पुष्कळ ठिकाणी भूकंपाचे हादरे भराभर येतात. तिथे इमारतीची लय मंदावली तर जोर कमी बसतो, मातीही थोडी ऊर्जा खाते. म्हणून माती मदतच करते असं धरलं जायचं. मेक्सिकोत जमीनच मंद होती, म्हणून मंदावणं महागात पडलं.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्या दिवसाच्या स्मरणार्थ शहरात भूकंपाची तालीम झाली आणि दोनेक तासांत खराच भूकंप आला. ७.१ तीव्रतेचा, पण जवळून. या वेळी तडाखा जास्त करून त्याहून कमी उंचीच्या इमारतींना. म्हणजे अमुक मजले सुरक्षित, असंही म्हणायची सोय नाही.

आणि हे फक्त तिकडचंच नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे खाली साबरमतीचा गाळ होता. कच्चं बांधकाम आणि पार्किंगसाठी मोकळे सोडलेले तळमजले, हेही होतंच.

भावाला मी फोन करून एवढंच सांगितलं: गादीचं सोड, बोअरिंगचा रिपोर्ट माग. भराव किती, खडक किती खोल, पाइल्स खडकापर्यंत पोचल्यात का, आणि डिझाइनमध्ये जमीन कोणत्या प्रकारची धरली आहे, हे विचार. "पुढच्या आठवड्यात दाखवतो म्हणालेत," असं तो म्हणाला. टोकन अजून दिलेलं नाही.

आमच्या सोसायटीचा असा रिपोर्ट मात्र मी स्वतः कधी मागितला नव्हता. तुमच्यापैकी कोणी मागितलाय?