‘कुली’ आणि ‘कोळी’ : एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती आणि तिचे पडसाद

खारदांडा या ग्रामनामातील ‘खार’ म्हणजे भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन, आणि ‘दांडा’ म्हणजे समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी. रेवदंड्याच्या नावातही तोच अवशेष आहे. येथील कोळीवाड्यातला माणूस स्वतःला कोळी म्हणवतो तेव्हा जात, व्यवसाय आणि दर्या यांचा एकत्र निर्देश होतो. मोलमजुरीचा किंवा भारवाहनाचा अर्थ त्या शब्दाच्या कक्षेत येत नाही. असे असूनही इंग्रजीतील ‘कुली’ या शब्दाचे मूळ याच जातिनामात शोधण्याची एक भारदस्त परंपरा आहे, आणि तिची तपासणी केवळ कोशकारांवर सोपवून चालण्यासारखे नाही.

या परंपरेचा मुख्य आधार म्हणजे यूल आणि बर्नेल यांचा १८८६ साली प्रसिद्ध झालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश. गुजरातेतील कोळी जमातीचे नाव पोर्तुगीजांनी उचलले, पुढे ते दक्षिणेतील ‘कूलि’ या शब्दाशी मिसळले, असे त्यांचे अनुमान. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. मजुरीवाचक शब्द मजुराला लावणे ही भारतीय काव्यशास्त्राला परिचित असलेली लक्षणा होय. त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने द्राविडी मूळ अधिक सरळ ठरते. उलट जातिनामापासून निघायचे तर विशिष्ट जमातीचे लोक परक्यांची ओझी वाहू लागले, ही मधली पायरी गृहीत धरावी लागते. तिसरा दावेदार तुर्की ‘कुल’, म्हणजे दास. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाच्या नावातील ‘कुली’ तोच. राजाच्या नावात तो भक्तीचा द्योतक आहे, हा योगायोग मनोरंजक असला तरी निर्णायक नाही.

मात्र व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजांनी हे दोन शब्द एकाच वर्णरचनेत लिहिले. १६७३ साली मुंबईस आलेल्या जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात (ते १६९८ साली प्रसिद्ध झाले) बेटावरील ख्रिस्ती मच्छीमारांचा उल्लेख ‘कुली’ असाच येतो. तेथे मजूर अभिप्रेत नाहीत, कोळी अभिप्रेत आहेत. रोमन लिपीत ‘ळ’ला स्थान नाही, आणि ‘ओ’चा ‘ऊ’ होण्यास परकीय कान पुरेसा असतो. मराठी भाषकाला ‘कुली’ ऐकून कोळी आठवत नाही. इंग्रजी दप्तरात मात्र दोघांची ओळख लेखनातच एक झाली. मुळात दोन शब्द असोत वा एक, लेखनातल्या या मिसळणीला कागदाचा पुरावा आहे.

पुढचा अर्थापकर्ष साम्राज्याच्या अर्थकारणाने घडवला. गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यावर उसाच्या मळ्यांना करारबद्ध माणसे हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने ३६ भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही तेथे गेली. त्यांच्या उतरण्याचा धक्का दीर्घकाळ ‘कुली घाट’ म्हणूनच ओळखला जाई. आज तो ‘आप्रवासी घाट’ आहे. दक्षिण आफ्रिकेत तर हा शब्द कामाचा राहिलाच नाही, वंशाचा झाला. तेथे गांधींना ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले. जातिनामातून कामाचे नाव आणि कामाच्या नावातून पुन्हा वंशनाम, असा हा प्रवास यूल-बर्नेल यांची व्युत्पत्ती मान्य केल्यास पूर्ण वर्तुळाचा ठरतो. ती मान्य करण्याचा मोह यामुळेच होतो, आणि म्हणूनच तो टाळायला हवा. मॉरिशसचे कवी खाल तोराबुली यांनी १९९२ साली ‘कुलित्यूद’ ही संज्ञा रूढ करून या शिवीलाच सांस्कृतिक अस्मितेचे अधिष्ठान दिले.

मराठी अनुवादकापुढचा पेच येथून सुरू होतो. स्थानकावरचा ‘कुली’ मराठीत ‘हमाल’ होतो, आणि तो शब्दही अरबीतून आलेला आहे. मळ्यावरच्या ‘कुली’साठी ‘गिरमिटिया’ उपलब्ध आहे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ करून मजुरांनीच तो घडवला. परंतु शिवी म्हणून आलेल्या ‘कुली’ला ‘हमाल’ म्हणणे हा अर्थाचा अपलाप होय. पुण्यातील बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्या शब्दाला संघटनेचे बळ दिले आहे, आणि १९६९च्या कायद्याच्या शीर्षकातच ‘माथाडी’ व ‘हमाल’ ही नावे सन्मानाने आली आहेत. तेथे ‘कुली’ तसाच ठेवणे हेच प्रामाणिक. मुल्कराज आनंदांच्या १९३६च्या कादंबरीचे शीर्षकही याच कारणाने भाषांतराला दाद देत नाही. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा झाली. त्या शब्दात ओझ्याचा मागमूस नाही, हे त्याचे सामर्थ्य की दोष, याचा निर्णय ओझे वाहणाऱ्यांनीच करावा.

मुंबईच्या बाजारात दुसऱ्याचा माल डोक्यावरून नेणारा तो ‘पाटीवाला’. खारदांड्याची मासळी बाजारात नेणाऱ्या कोळणीच्या डोक्यावरही पाटीच असे. पण माल तिचा, भाव तिने ठरवलेला आणि पैसाही तिच्याच हाती. तिला पाटीवाली कोणी म्हटले नाही.